पाच हजार चाळीसमधली एक ओळ

एल्वा गेली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर सात कप टांगलेले होते. डावीकडून तीन, एक, सहा, दोन, सात, चार, पाच. प्रत्येक कपाच्या बुडाशी तिने नेलपॉलिशने नंबर घातलेला आहे. सकाळी तिने तो क्रम लावला, दुपारी तिला हॉस्पिटलात नेलं आणि ती परत आली नाही. तेव्हापासून मी कपांना हात लावला नव्हता. चहा काचेच्या ग्लासातून प्यायचो आणि बोटं भाजून घ्यायचो.

कपांचा खेळ तिने मला समजावण्यासाठी सुरू केला होता. मी प्लंबर. आमच्या वॉलूरा गावच्या चर्चच्या बुरुजात गळती काढायला गेलो, तर तिथे छतातून आठ दोर लोंबत होते आणि एल्वा सगळ्यांवर ओरडत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि बुरुजातही तोच आवाज लावायची. त्यांना आठव्या, सगळ्यात जड घंटेसाठी माणूस हवा होता.

"पाठ दणकट दिसते," ती म्हणाली. "डोकं कसं आहे?"

"रिकामं," मी म्हणालो.

"मग आठवी तुझी. तिला डोकं लागत नाही. सगळ्यांचं वाजून झालं की शेवटी तू. दर वेळी."

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. शेवटचा मी आजही आहे.

आम्ही घंटांवर गाणी वाजवत नाही. सात घंटा एका क्रमाने वाजतात, ती एक ओळ. मग दुसऱ्या क्रमाने, मग तिसऱ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी आठवी. एका ओळीतून दुसरीत जाताना कुठलीही घंटा एकच जागा पुढे किंवा मागे सरकू शकते, कारण तेवढं वजन झटक्यात आवरत नाही. आणि एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजवायची नाही.

"अशा ओळी होतात तरी किती?" मी लग्नानंतर तिला विचारलं.

तिने सात कप खाली काढले. "पहिल्या खुंटीवर सातांपैकी कुठलाही. दुसरीवर उरलेल्या सहांपैकी कुठलाही. मग पाच, चार, तीन, दोन, एक. सगळ्यांचा गुणाकार कर."

मी कागद घेतला. ती तोवर भाजी चिरून मोकळी झाली.

"पाच हजार चाळीस," मी म्हणालो.

"एक जास्त नाही, एक कमी नाही. रोज एक क्रम लावत बसलास तर चौदा वर्षांना थोडेच दिवस कमी."

"आणि मधे एखादा कप फुटला तर?"

"तर सातशे वीस उरतात. एक कप फोडलास तर चार हजार तीनशे वीस क्रम मारलेस, मर्व."

त्या दिवसापासून आमच्या घरी कप तीच धुवायची आणि रोज सकाळी नव्या क्रमाने टांगायची.

हा आकडा तिला माणसासारखा आवडायचा. एकापासून दहापर्यंत कुठल्याही आकड्याने भाग घाला, काही उरत नाही. असा केक असता, ती म्हणायची, तर कितीही पाहुणे येऊ देत, भांडण नाही. मी विचारलं, अकरावा आला तर? "अकराने जात नाही. दोन तुकडे उरतात. ते तुझ्या भावाला, तो तसंही न बोलावता येतो. बारावा आला की पुन्हा सगळं ठीक." एकूण साठ आकडे त्याला पूर्ण भागतात, आणि त्याच्यापेक्षा लहान कुठल्याच आकड्याला ते साधत नाही. एक ते सात गुणा नाहीतर नुसते सात, आठ, नऊ, दहा गुणा, उत्तर तेच. हे मी एकदा लोकांच्या सिंकखाली आडवा पडून, पाइपावर पेन्सिलीने करून पाहिलं. बरोबर आलं. तिचं ऐकलं की बरोबरच यायचं, पण स्वतः करून पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिला काय दिसतं. एवढा मोठा आकडा आणि कुणालाच अडवत नाही.

आणि एक गोष्ट होती. सुरुवातीला आम्ही एक, दोन, तीन, चार अशी सरळ ओळ वाजवतो. ती मोजत नाहीत. शेवटी पुन्हा सरळ ओळीवर येतो, ती मोजतात.

"पहिलीही मोजली तर पाच हजार एकेचाळीस," एल्वा म्हणायची. "म्हणजे एकाहत्तर गुणिले एकाहत्तर. चार घंटांना असं होतं, पाच घंटांना होतं, आणि सातांना. सहांना नाही, आठांना नाही. पुढे कुठे आहे का, ते शोधणारे अजून शोधतायत. म्हणून मी एकाहत्तरची झाले की आपण सगळे पाच हजार चाळीस वाजवायचे. फक्त आपल्या गावच्या माणसांनी. मेलबर्नहून कुणाला बोलवायचं नाही."

हे लागोपाठ तीन तासांचं काम असतं. मधे थांबता येत नाही, कुणाची जागा दुसरा घेऊ शकत नाही, हातात कागद चालत नाही. पुकारा करणाऱ्याच्या, म्हणजे कुणी कधी सरकायचं ते ओरडून सांगणाऱ्याच्या, डोक्यात सगळा आराखडा असतो. एकजण बराच वेळ चुकला की ओळी दुबार वाजतात, आणि एक जरी ओळ दुबार आली की ते सगळं वाजवणं खोटं. खाली रस्त्यावरच्या माणसाला काही कळत नाही. कळतं फक्त आम्हाला, आणि कधीकधी आमच्यातल्या एकालाच.

एल्वा सत्तर वर्षांची असताना, जुलैतल्या ऐन हिवाळ्यात गेली. तिच्यासाठी आम्ही घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडं बांधून वाजवलं. एक ओळ स्वच्छ आणि पुढची टेकडीपलीकडून आल्यासारखी. नंतर मी दोर गुंडाळून ठेवला आणि घरी बसलो.

ऑक्टोबरमध्ये गार्थ आला. गार्थचं गावात औषधांचं दुकान आहे. पुकारा करायला त्याला एल्वानेच शिकवलं. त्याच्याबरोबर नॉरीन होती, तीन नंबरची, शहात्तर वर्षांची आणि आमच्यात सगळ्यात तिखट.

"नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती एकाहत्तरची झाली असती," गार्थ म्हणाला. "तिचे पाच हजार चाळीस करायचे. पण तेव्हाच, मर्व. त्या बुधवारी डेस्ली पर्थला चाललीय, नवऱ्याला तिकडे खाणीत काम मिळालं. ती गेली की गावात आपण सातच उरतो. नवा माणूस तयार व्हायला दोन वर्षं, आणि तोपर्यंत नॉरीन..."

"तोपर्यंत नॉरीन काय?" नॉरीन म्हणाली. "बोल ना. तुम्हा सगळ्यांच्या अंत्यविधीला मी सँडविच करणार आहे. काकडीची."

"मला जमणार नाही," मी म्हणालो.

नॉरीनने माझा ग्लास पाहिला, मग भिंतीवरचे कप पाहिले.

"ही तिची शेवटची ओळ?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मग गाढवा, पाच हजार चाळीस पुरे वाजवले तर त्यात हीसुद्धा वाजणार की नाही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन, एक, सहा, दोन, सात, चार, पाच. सगळ्या ओळी वाजवायच्या म्हटल्यावर हिला टाळताच येणार नाही. कुणाला सांगायला नको, कुणाकडे मागायला नको. एल्वाची ओळ तिच्याच बुरुजातून तिच्या गावावर एकदा वाजेल. मला दुसरं काही नको होतं. मी दोर सोडवला.

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही वर चढलो. एल्वाच्या दोन नंबरवर आमच्या पाद्री, हिल्डा, उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवर लावायची लाकडी फळीही आधीच रंगवून आणली होती: आठ नावं, तारीख, एल्वाचं नाव आणि मधोमध मोठ्या अक्षरांत तो आकडा.

"घाई नाही का झाली?" डेस्लीने विचारलं. ती पाच नंबरवर होती.

"श्रद्धा म्हणतात त्याला," हिल्डा म्हणाल्या.

"सावध," पहिल्या घंटेवरून आवाज आला. "निघाली... गेली!"

पहिल्या तासात मला एल्वाच आठवत राहिली. दुसऱ्या तासात फक्त दोर. तिसऱ्यात काहीच नाही, नुसते खांदे. दोन सेकंदांना एक ओळ, आणि तिच्या शेवटी मी. शेवटी घंटा एकेक करून आपापल्या जागी उतरत गेल्या, सरळ ओळ आली आणि गार्थ ओरडला, "झालं! थांबा!"

नॉरीनने दोर सोडला आणि स्वतःचे सोललेले तळहात पाहिले. डेस्ली रडत होती. खाली अंगणात लोक सॉसेज भाजत होते. मी जिन्यातून बाहेर येताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी माझ्या हातात सॉसेज घातलेला पाव दिला, कुणी पाठ थोपटली. टाळ्या अजून चालू होत्या तेव्हा गार्थने माझी बाही ओढली.

"मर्व, जरा आत ये."

आम्ही जिन्याच्या तळाशी उभे राहिलो. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"खोटं आहे," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"शेवटच्या अर्ध्या तासात नॉरीन आणि डेस्ली एकमेकींच्या वाटेवर गेल्या. तीनच्या जागी पाच, पाचच्या जागी तीन. चौदा ओळींनंतर परत आपापल्या जागी आल्या. मला तेव्हाच कळलं. मी थांबवायला हवं होतं. तोंड उघडलं आणि तू समोर दिसलास. डोळे मिटून ओढत होतास. मला जमलं नाही."

"ओळी किती झाल्या?"

"पाच हजार चाळीसच. पण चौदा दुबार आल्या, आणि चौदा आल्याच नाहीत."

बाहेर कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं.

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"नॉरीनला शंका असेल. डेस्लीला नाही. मर्व, एल्वा तुझी होती. तू म्हणशील तसं. गप्प बस म्हणालास तर मी मरेपर्यंत गप्प बसेन."

मी पाव कठड्यावर ठेवला.

"तीन, एक, सहा, दोन, सात, चार, पाच," मी म्हणालो. "त्या चौदांत ही आहे का?"

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. आत कुठेतरी तो त्या चौदाही ओळी एकेक करून बघत होता. मी जिन्याचा खांब धरून उभा होतो. हॉस्पिटलातल्या डॉक्टरसमोर उभा होतो तसा.

"नाही," तो म्हणाला. "ती त्यांत नाही. ती वाजली. पहिल्या तासातच, आणि चोख वाजली. शप्पथ."

मी बाहेर पाहिलं. फळी झाडाला टेकवून ठेवली होती आणि लोक तिच्यासमोर फोटो काढत होते. मला हवं होतं ते मिळालं होतं. मी बाहेर जाऊन पाव खाल्ला असता तर दिवस संपला असता.

"मग राहिली कोणती?" मी विचारलं.

"चौदा आहेत, मर्व."

"एक सांग."

"पाच, दोन, सात, एक, तीन, सहा, चार."

मी ती मनात म्हणून पाहिली. पाच, दोन, सात, एक, तीन, सहा, चार. तिच्यात काही नव्हतं. कुणाच्या भिंतीवरची नव्हती, कुणाची आठवण नव्हती. पण एल्वाने ती कधी ना कधी लावली असेल, एखाद्या बुधवारी, पाव भाजता भाजता. तिची शेवटची ओळ मोजायची आणि ही सोडायची, असं मला सांगता येईना. ज्या आकड्याने मला माझी ओळ न मागता दिली, त्यात ही नसली तर तो आकडा तो नव्हेच. पाच हजार एकोणचाळीसही नव्हे आणि काहीच नव्हे.

"चल," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगू."

नॉरीन झाडाखाली खुर्चीत बसली होती. गार्थने सांगितलं तेव्हा ती आधी त्याच्याकडे आणि मग डेस्लीकडे पाहत राहिली.

"मीच गेले वाट सोडून," ती म्हणाली. "मला वाटलं ऊन लागलं. ही पोर बिचारी मला जागा द्यायला गेली आणि माझ्या वाटेवर अडकली."

"मला कळलंसुद्धा नाही," डेस्ली म्हणाली. "देवा! आणि मी रडले!"

"तू सिनेमातही रडतेस."

"पण कुणाला काय कळणार आहे?" फोटो काढणाऱ्यांपैकी एकाने विचारलं. "आम्हाला तर फार छान वाटलं." तो भला माणूस होता, पण आमच्यातला नव्हता.

हिल्डांनी फळी उचलली आणि तिचं तोंड झाडाकडे करून ठेवली.

"मंगळवारी बुरुज मोकळा आहे," त्या म्हणाल्या.

"मंगळवारी मेलबर्नची शर्यत!" डेस्ली म्हणाली. "आख्खं गाव पबमध्ये घोडे बघत असेल. ऐकायला कुत्रंही नसणार. आणि माझं सामान ट्रकमध्ये गेलंय, माझ्याकडे या चपला सोडून काही नाही. नवरा म्हणेल, पर्थला मी एकटाच जातो."

"जाऊ दे त्याला," नॉरीन म्हणाली. "तू चपला घालून ये. मी हाताला पट्ट्या बांधून येते."

"नॉरीन, तुझे हात बघ," डेस्ली म्हणाली.

"माझे हात मी बघितलेत. तू आपली वाट बघ, म्हणजे झालं."

मंगळवारी दीड वाजता आम्ही सुरुवात केली. खाली अंगणात कुणी नव्हतं. मॅगपाय पक्षी तेवढे कुंपणावर बसले होते. वर उकडत होतं. गार्थचा आवाज रविवारपेक्षा कडक होता, जवळजवळ एल्वासारखा. बरोबर तीनला कोपऱ्यावरच्या पबमधून अशी काही गर्जना झाली की मला वाटलं छत कोसळलं. डेस्लीचा दोर लचकला. "पाच! पाठीमागे, दोनच्या मागे!" गार्थ ओरडला, आणि ती लगेच आपल्या जागी आली. कुठला घोडा जिंकला हे मी अजूनही विचारलेलं नाही.

शेवटचा अर्धा तास आला. नॉरीन आणि डेस्ली एकमेकींकडे बघत होत्या. एक हलली की दुसरी हलायची, आणि दोघी आपापल्या वाटेवर. नॉरीनच्या डाव्या पट्टीतून लाल दिसायला लागलं. ती माझ्याकडे बघून ओठांनीच काहीतरी म्हणाली. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी डोळे उघडे ठेवले होते. त्या चौदा ओळी येतील तेव्हा ऐकायचं ठरवलं होतं, निदान ती एक. पाच, दोन, सात, एक, तीन, सहा, चार. जमलं नाही. दोन सेकंदांत काय पकडणार? कुठल्यातरी क्षणी ती माझ्यासमोरून गेली असणार आणि मी तिच्या शेवटी माझा ठोका दिला असणार, बाकीच्यांच्या शेवटी देतो तसाच. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सगळ्यांना एकच ठोका.

मग घंटा उतरू लागल्या. सात सातव्या जागी आली, सहा सहाव्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आणि मी.

"झालं! थांबा!"

सगळ्यांनी गार्थकडे पाहिलं. तो डोळे मिटून उभा होता, ओठ हलत होते. नॉरीनला धीर धरवेना. "अरे बोल की, मेल्या!"

"खरं आहे," गार्थ म्हणाला.

खाली टाळ्या नव्हत्या. पबमधून हरलेले लोक घरी निघाले होते. त्यातल्या एकाने वर पाहून विचारलं, आज काय लग्न होतं का? हिल्डा म्हणाल्या, हो, तसंच काहीतरी. फळीवरची रविवारची तारीख घासून काढायचं काम मी घेतलं, सँडपेपर माझ्या गाडीत असतोच. डेस्लीने चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच सगळ्यांना मिठ्या मारून गेली.

घरी आलो तेव्हा ऊन स्वयंपाकघरात तिरपं येत होतं. मी किटली ठेवली. ग्लास घेतला, आणि परत ठेवला. भिंतीवरून तीन नंबरचा कप काढला. त्याच्यावर धूळ बसली होती. धुतला, त्यात चहा ओतला आणि खिडकीशी उभा राहून प्यालो. बोटं भाजली नाहीत.

मग कप जपून धुतला आणि पुसला. परत टांगताना तो पहिल्या खुंटीवर लावला नाही. एक नंबरचा तिथे घेतला आणि तीनला त्याच्या जागी, घंटेसारखं एकच जागा सरकवून.

एक, तीन, सहा, दोन, सात, चार, पाच. हीसुद्धा दुपारी वाजली होती.